मिठाचा खिसा

आत्याच्या पुतण्याचं लग्न झालं, वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दुकानाची गंजलेली पाटी उतरवून नवी चढवली, ते हे वर्ष. तीन गोष्टी एकाच वर्षात झाल्या, त्यामुळे ते कुणाच्या डोक्यातून जाणं शक्य नव्हतं. पण घरातली माणसं त्याला लग्नाचं वर्ष म्हणत नाहीत. मिठाचं वर्ष म्हणतात.

दुकान खुर्च्या-सोफ्यांच्या कव्हरांचं. रस्त्याच्या बाजूला काउंटर, त्यामागे शिवणाची खोली आणि तिच्यामागे घर. शिवणाच्या खोलीतून घरात जायला नुसती चौकट होती, दार नव्हतं. त्यामुळे आत फोडणी बसली की काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला ठसका लागायचा, आणि गिऱ्हाइकाने हुज्जत घातली की आत वहिनींना कळायचं, आज मालक कोणतं तोंड घेऊन जेवायला येणार.

मालक म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. आत्या त्याला दादा म्हणायची. बाकी सगळं जग मालक म्हणायचं. वहिनीसुद्धा दुसऱ्यांशी बोलताना "मालक झोपलेत" असंच सांगायच्या, जसं काही त्या तिथे नोकरीलाच होत्या.

दुपारी सगळे एका टेबलाला जेवत. टेबल पूर्वी कापड बेतायचं होतं. दुकानात नवं आल्यावर जुनं मागे ढकललं. त्याच्या फळीवर कात्रीचे चरे होते, आणि वहिनींनी वरून मेणकापड घातलं तरी ते बोटाला लागायचे. टेबलाच्या एका टोकाला मालक बसत. मग पुतण्या, वहिनी, आत्या, आणि अगदी दुसऱ्या टोकाला गाद्या भरणारा म्हातारा. या म्हाताऱ्याच्या भुवयांमध्ये बारा महिने कापूस अडकलेला असायचा, म्हणून त्याचं नावच कापूस पडलं होतं. त्याला एका कानाने ऐकू येत नसे, आणि दुसऱ्या कानाने सोयीचं तेवढंच येई.

मालकांच्या उजव्या हाताशी मिठाची बरणी असे. पांढऱ्या चिनी मातीची, चांगली दांडगी. भाजी वाढली की आधी मालक चाखत. त्यांना अळणी लागली तर बरणीचं झाकण निघे. पहिल्यांदा स्वतःच्या ताटात चिमूट, मग आपल्या हाताने एकेकाच्या ताटात. त्यांना चव बरोबर लागली तर झाकण बंद, मग बाकीच्यांच्या जिभा काहीही म्हणोत. मालकांना अळणी तेच घराला अळणी. मीठ मागायचं नाही असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. पण मागितलं तर आपल्याच स्वयंपाकाला नाव ठेवल्यासारखं होईल म्हणून वहिनी मागत नसत, बाप डोळे वटारेल म्हणून पुतण्या मागत नसे, आणि फुकटचं जेवण गोड मानून घ्यावं म्हणून कापूस मागत नसे.

त्यात आणखी एक मेख होती. मालकांचं कुणाशी बिनसलं असेल तर चिमूट त्याच्या ताटावरून तशीच पुढे जाई. ओरडणं नाही, आपटणं नाही. घरात याला 'ताट चुकणं' म्हणत. वहिनींची शेजारीणसुद्धा भिंतीपलीकडून विचारायची, आज कुणाचं ताट चुकलं गं.

सगळ्यांत जास्त वेळा चुकलं होतं ते आत्याचं. नवरा गेला तेव्हा ती ऐन तिशीत एक ट्रंक घेऊन भावाच्या दारात आली. भावाने ट्रंक माळ्यावर टाकली आणि तिला मशीन दाखवलं. तिने पॅडलवर पाय ठेवला तो ठेवला. तिने शिवलेली कव्हरं कुठे कुठे गेली, थिएटरात, दवाखान्यांत, बसगाड्यांत, लोकांच्या बैठकीत. गावभर माणसं तिच्या शिवणीवर बसत होती. पण त्या घरात "हे माझं" म्हणून तिला बोट ठेवता येईल अशी एक उशीची खोळ नव्हती. मालक चिडले की म्हणत, "माझं मीठ खातेस," आणि त्यांच्या बाबतीत ती नुसती म्हण नव्हती, कारण बरणी खरोखरच त्यांच्या हाताशी होती. अळणी खायची आत्याला सवय झाली होती. सवय झाली की माणसाला वाटतं आवडच आहे.

दुकानात एक गोष्ट आणखी चाले, जी बाहेरच्याला कळली नसती. गिऱ्हाइकासमोर मालक टेप काढत. पण गिऱ्हाईक गेलं की टेप गळ्यात आणि माप वितीने. वीत म्हणजे मालकांची वीत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेला त्यांचा भला थोरला पंजा. तेवढ्या अंतरावर खुणा केलेली एक लाकडी पट्टी भिंतीला टांगलेली असे. "पाठीला तीन वीत" म्हटलं की आत्या, पुतण्या, कापूस, सगळ्यांना पट्टीवरची खूण डोळ्यांसमोर दिसे. आणि कात्री फक्त मालक चालवत, नाहीतर त्यांनी सांगितलं तर पुतण्या. आत्याने एवढ्या वर्षांत कापड शिवलं, कापलं कधी नाही.

मग पुतण्याचं लग्न झालं आणि सूनबाई आली.

ती बुटकी, चटपटीत आणि बोलकी. तिची आई घरी बसून शाळेची दप्तरं शिवायची, म्हणून तिला सुईदोऱ्याची भीती नव्हती. आल्या आल्या ती चौकटीत उभी राहून आत्याला विचारायला लागली, ही टीप दुहेरी का घालता, कोपरा असा का वळवता, हा दोरा कुठे मिळतो. आत्याला वर्षानुवर्षं कुणी काही विचारलं नव्हतं. ती आधी गांगरली, मग बोलायला लागली. कापूस म्हणाला, सून आली आणि आत्याला कंठ फुटला.

एक दिवस आत्या वहिनींना ऑपरेशन केलेला गुडघा दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली होती. पुतण्या माल पोचवायला गेला होता. मालक एका सभागृहात खुर्च्या मोजत होते. तिथून त्यांनी दुकानात फोन केला. फोन सूनबाईने घेतला. आजूबाजूला हातोडे वाजत होते, मालकांना धड ऐकू येत नव्हतं, आणि पोरगा आलाच असेल असं धरून त्यांनी सांगितलं की दातांच्या डॉक्टरीणबाईंचं निळ्या पट्ट्यांचं कापड काढ, खुर्चीच्या पाठी तीन वीत लांब, दोन वीत रुंद, सहाच्या सहा कापून ठेव.

घरात दुसरं कुणी नव्हतं. सूनबाईने कापड काढलं, पसरलं, खडूने आखलं आणि सहाच्या सहा पाठी कापून घडी घालून ठेवल्या. कापणी सुरेख होती. कडा सरळ, पट्टे एकमेकांशी जुळलेले. फक्त वीत तिची होती. चिमणीच्या पंखाएवढी. तीन वीत म्हणजे कुणाची तीन वीत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगायची गोष्ट आहे हेच त्या घरात कुणाच्या लक्षात नव्हतं.

संध्याकाळी कापसाने एक तुकडा उचलून खुर्चीला लावून पाहिला आणि विचारलं, "बालवाडीची ऑर्डर आली काय?"

मालक हसले नाहीत. त्यांनी तसंच कापड पेठेतून नव्याने आणवलं आणि स्वतः कापलं. मग कात्री वरच्या खुंटीला टांगली, जिथे सुनेचा हात पोचणार नाही, आणि सांगितलं की यापुढे तिने चौकट ओलांडून शिवणाच्या खोलीत यायचं नाही. पुतण्या कतरणं गोळा करायला लागला. वहिनींनी नव्या गुडघ्यावरून हात फिरवला. आत्या मशीनवर होती. तिने पाय थांबवला नाही, पण त्या टिपेत दोरा दोनदा तुटला.

दुसऱ्या दिवशी जेवणात बटाट्याची भाजी होती. मालकांनी चाखली, बरणी उघडली. चिमूट पुतण्याच्या ताटात पडली, वहिनींच्या पडली, सूनबाईच्या ताटावरून पुढे गेली, आत्याच्या ताटात पडली. कुणी मान वर केली नाही. नवीन माणसाला पहिल्यांदा कळत नाही. सूनबाईला वाटलं विसरले असतील.

"बाबा, मला पण द्या ना जरा मीठ," ती म्हणाली.

कापसाचा घास हातात राहिला. मालकांनी झाकण लावलं आणि सावकाश म्हणाले, "मीठ कमवावं लागतं."

सूनबाई भाजी गिळायला लागली. तिचे डोळे भरले नाहीत, पण नाकाचा शेंडा लाल झाला. आत्या तिच्याकडे बघत राहिली. तिच्या पानातल्या भाजीत आज बरोबर मीठ होतं, आणि तिला तो घास गिळवेना. तिच्या मनात आलं, हिलाही सवय होईल. चारसहा वर्षांनी हीसुद्धा म्हणेल, मला अळणीच आवडतं. आणि तिथेच तिचं डोकं फिरलं.

जेवण झाल्यावर, दुकान उघडं असताना, भर उजेडात तिने कतरणांच्या पिंपातून ते सहा फसलेले तुकडे काढले. हातात सभागृहाच्या खुर्च्यांचं काम होतं, ते बाजूला सारलं. मालक काउंटरवरून बघत होते. त्यांना वाटलं मशीनला तेल घालायला पुसणं शोधतेय.

आत्याने चौकटीकडे पाहून हाक मारली. सूनबाई येऊन उंबरठ्याच्या पलीकडे उभी राहिली.

"पाऊल टाकू नकोस. हात दे नुसता," आत्या म्हणाली.

सूनबाईने हात पुढे केला. आत्याने तिचा पंजा कापडावर ताणून ठेवला आणि अंगठ्याशी व करंगळीशी खडूची खूण केली. मग ती खुंटीपाशी गेली, स्टुलावर चढली आणि कात्री उतरवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. कात्री तिला वाटली होती त्यापेक्षा हलकी होती.

काय शिवायचं हे तिच्या मनात पक्कं होतं. तळाला जाड रेक्झिन, म्हणजे ओल लागणार नाही. तळाच्या दोन थरांत फरशीचा एक तुकडा, म्हणजे लवंडणार नाही. वर चार भिंती, आत पुठ्ठा आणि फोम घालून ताठ केलेल्या, प्रत्येक भिंत सूनबाईच्या एका वितीची. मधल्या पोकळीत सॉसची आणि व्हिनेगरची बाटली उभी राहावी. आणि बाहेरून चारही अंगांना खिसे. एका अंगाला मिरपूड, एकाला तिखट, उरलेल्या दोन्ही बाजूंना हात पुसायच्या रुमालांसाठी चीर. पण मिठाचा खिसा चारही अंगांना. टेबलाला कुठेही बसा, मीठ आपल्या समोर. कडेने तिने लाल गोट घातला, बसगाडीच्या सीटांमधून उरलेला. रुमाल अस्तराच्या कापडाचे केले, त्यांनाही बारीक दुमड घातली. सूनबाई चौकटीतून दोरा ओवून देत होती, पुठ्ठा धरत होती, आणि पाऊल मात्र टाकत नव्हती. मिठासाठी जॅमच्या छोट्या बाटल्या तिनेच धुऊन आणल्या आणि झाकणांना खिळ्याने भोकं पाडली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी आत्याने ती वस्तू टेबलाच्या बरोबर मध्ये ठेवली.

कापसाने चारही बाजूंनी फिरून पाहिलं. त्याने विचारलं की या पिंजऱ्यातला पोपट कुठाय. मग त्याच्या समोर मीठ आहे हे त्याला दिसलं आणि तो मुकाट बसला.

मालक आले. "हे काय आहे?"

"टेबलाचे खिसे," आत्या म्हणाली.

"कुणाची ऑर्डर?"

"माझी."

मालकांनी ती वस्तू उलटसुलट पाहिली. शिवणीत खोट निघेना. हा माणूस कामाच्या बाबतीत खोटं बोलायचा नाही, म्हणून त्याने शिवणीला नाव ठेवलं नाही. त्याने आपली बरणी उचलली आणि एका खिशात बसते का पाहिली. अर्थातच बसली नाही. मधल्या पोकळीतही बसली नाही.

"माप चुकलंय," ते म्हणाले. "खिसा लहान झाला."

"खिसा बरोबर आहे. बरणी मोठी आहे," आत्या म्हणाली.

पुतण्याला खोकला आला, खरा की खोटा कुणास ठाऊक. मालकांनी ती वस्तू उचलली, कपाटावर ठेवली आणि जेवायला बसले. आत्या उठली, कपाटावरून काढली आणि परत टेबलावर ठेवली. मालकांनी परत कपाटावर ठेवली. भाजी निवत चालली. शेवटी वहिनी म्हणाल्या की दोघं लहान होतात तेव्हाही असंच करायचात असं सासूबाई सांगायच्या, आणि वाढायला लागल्या. त्या दिवशी वस्तू कपाटावर राहिली, आणि आत्याचं ताट चुकलं.

तिने ते अळणी ताट पुरतं संपवलं, बोट फिरवून. मग सगळ्यांदेखत कपाटावरची बाटली काढून ताटलीत चिमूटभर मीठ घेतलं आणि नुसतंच चाटलं.

असे बरेच दिवस गेले. ती ठेवी, तो काढी. दोघंही हट्टाला पेटलेली. दुकानात बोलणं कामापुरतं. पुतण्या दोन्हीकडे मान हलवायचा आणि दोन्हीकडून शिव्या खायचा. त्याची बायको त्याला एकदा म्हणाली की तुम्ही घड्याळाचा लंबक आहात, टाइम मात्र कुणाचाच दाखवत नाही.

तिढा हलवला तो वहिनींनी. वहिनी तोवर एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. एक दिवस त्यांनी जेवण वाढलं आणि नेहमीच्या जागी न बसता गुडघा लांब करून बसल्या. मालकांनी भाजी चाखली. अळणी. डाळ चाखली. ठार अळणी. बरणी उघडली तर आत तळाला हात लागला.

"अहो, मीठ त्या बाटल्यांत भरलंय," वहिनी म्हणाल्या. "मी आता स्वयंपाकात मीठ घालणार नाही. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याला आराम सांगितलाय, तसा जिभेलाही देते. चव बघायची, मग तुमचं तोंड बघायचं, हे मला झेपत नाही. ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने घ्यावं."

वस्तू कपाटावर होती. पहिल्यांदा पुतण्या उठला. त्याने ती आणून टेबलावर ठेवली आणि बापाकडे न बघता मीठ घेतलं. मग वहिनींनी, मग सूनबाईने, मग आत्याने. कापसाने दोनदा घेतलं. मालकांनी घेतलं नाही. ते तसेच अळणी जेवले आणि उठले. पण वस्तू त्यांनी हलवली नाही.

आत्याला वाटलं, संपलं. पण मालक कसलेले दुकानदार होते. माल जबरदस्तीने काढता येत नसला तर विकून काढता येतो, हे त्यांना कळत होतं.

आठवड्याभराने दातांच्या डॉक्टरीणबाई खुर्च्यांची कव्हरं न्यायला आल्या. मालकांनी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि टेबलापाशी बसवलं. एरवी गिऱ्हाइकाला ते स्टूलही देत नसत. बाईंची नजर जायची तिथे गेली. निळे पट्टे, लाल गोट.

"अय्या, हे तर माझंच कापड. काय गोड आहे हो."

"तुमच्या कापडाचं म्हणजे तुमचंच की," मालक म्हणाले. "कव्हरांबरोबर आमच्याकडून भेट. बांधून देतो."

त्यांनी बाटल्या काढून टेबलावर मांडल्या आणि वस्तू कागदात गुंडाळायला घेतली. शिवणाच्या खोलीत मशीन चालू होतं, ते थांबलं. आत्या चौकटीत आली. तिच्या हातात तिची जुनी हातशिवणीची सुई होती.

"दादा, ते विकायचं नाही."

"विकतंय कोण? देतोय," मालक म्हणाले. "कापड त्यांचं आहे."

"त्यांचं कापड त्यांच्या खुर्च्यांवर आहे. ते तू नवं आणलंस आणि बाईंना पुरं माप दिलंस. हे फसलेलं कापड दुकानाचं. आणि दुकानातली शिवण माझी आहे."

मालकांचा चेहरा तांबडा झाला. बाईंसमोर ते आवाज चढवणार नव्हते, म्हणून त्यांनी तो दाबला, आणि दाबलेला आवाज जास्त लागतो. "एवढी वर्षं या घरात जेवलीस. खाल्ल्या मिठाला जाग जरा."

"जागले," आत्या म्हणाली. "दिलंस तेव्हाही जागले, ताट चुकवलंस तेव्हाही जागले. आता मिठाने माझ्या शिवणीला जागावं. ही वस्तू या टेबलावरून गेली तर तिच्यामागून मी जाईन. सभागृहाच्या खुर्च्या तुझ्या, मशीन तुझं. सुई तेवढी मी माझ्याबरोबर आणली होती, ती नेते."

डॉक्टरीणबाई अर्ध्या उठल्या, मग कागद आपल्यापासून दूर सरकवला. त्या म्हणाल्या की मला तसं काही नको, मी सहज म्हटलं. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा बाईंवर राग नव्हता.

"तुमच्यासाठी दुसरं शिवते," ती म्हणाली. "पण हे नाही. वीत द्या तुमची."

बाईंना कळलं नाही. चौकटीत मागे सूनबाई उभी होती, तिने आपला पंजा हवेत ताणून दाखवला. बाईंनी अंगठीचा हात टेबलावर पसरला. आत्याने खिशातला खडू काढून अंगठ्याशी एक आणि करंगळीशी एक अशा मेणकापडावरच खुणा केल्या.

मालक बघत होते. टेबलावर जॅमच्या बाटल्या उभ्या होत्या, कागदात अर्धवट गुंडाळलेली ती वस्तू होती, आणि त्यांच्या बहिणीचा हात खडूसकट स्थिर होता. सभागृहाचं काम महिनाअखेर द्यायचं होतं. पण ते त्या क्षणी कामाचा विचार करत नव्हते, हे आत्याला त्यांच्या मानेवरून कळलं. लहानपणी हरले की त्यांची मान अशीच एका बाजूला होई.

त्यांनी कागद सोडला. ते काउंटरवर गेले आणि पाठमोरे उभे राहून कव्हरं बांधायला लागले.

आत्याने सुनेला हाक मारली, "ये आत. ये, टाक पाऊल."

सूनबाई खोलीत आली. आत्याने खुंटीवरची कात्री काढून तिच्या हातात दिली. काउंटरवरून, इकडे न बघता, आवाज आला, "पट्टी घ्यायला सांग तिला. हाताने मोजू नको म्हणावं."

"पट्टी घेईल," आत्याने तिकडून सांगितलं. "पण पट्टीच्या दुसऱ्या बाजूला तिच्या वितीच्या खुणा करून घेतेय."

तिथल्या तिथे खुणा केल्या. तेव्हापासून दुकानात "मोठी वीत का छोटी वीत" असं विचारायची पद्धत पडली, आणि माप चुकणं बंद झालं असं नाही, पण चुकलं तर कुणाचं चुकलं हे तरी कळायला लागलं.

मालक मात्र हरले नाहीत. निदान त्यांच्या हिशेबी नाहीत. त्यांनी त्या खिशातलं मीठ कधी घेतलं नाही. बरणी रिकामी होऊन फळीवर गेली, वहिनी स्वयंपाकात मीठ घालेनात, आणि मालक दोन्ही वेळा ठार अळणी जेवत राहिले. त्यांच्या समोरच्या खिशात बाटली असे, हात लांब करायचीही गरज नव्हती. वहिनी म्हणायच्या, अहो, नका हट्ट करू. पुतण्याने एकदा गुपचूप डाळीत टाकून पाहिलं, तर मालकांनी वाटी सरकवली. त्यांना ते कळलं. जीभ त्यांची पहिल्यापासून तिखट.

गंमत अशी की वर्षभराने डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब तपासला आणि ते थक्क झाले. एवढा चांगला कसा उतरला म्हणून विचारलं. मालक म्हणाले की मी मीठ सोडलंय. स्वतःच्या इच्छेने. डॉक्टरांनी इतर पेशंटांना त्यांचं उदाहरण द्यायला सुरुवात केली. आत्याला हे कळलं तेव्हा ती एवढी हसली की शिवण वाकडी गेली आणि उसवावी लागली.

पुढे मालकांना अंथरूण धरावं लागलं तेव्हा त्यांचं जेवण खोलीत न्यायला लागायचं. एक दिवस आत्या ताट घेऊन गेली. ताटात तिने जॅमची एक बाटलीही ठेवली होती. तिने विचारलं, "घालू का थोडं? कुणी बघत नाही."

मालकांनी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नको," ते म्हणाले. "तेव्हा तू आपल्या हाताने दिलं असतंस तर घेतलंही असतं. तू तर टेबलावर ठेवलंस."

"टेबलावरच राहणार," आत्या म्हणाली.

"माहीत आहे," मालक म्हणाले, आणि अळणी भात खाल्ला. ती शेजारी बसून राहिली. दोघांनाही एकमेकांचं म्हणणं पूर्ण कळलं होतं आणि दोघांनाही ते अजिबात मान्य नव्हतं.

मालक वारले ते पुतण्याची मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी, हिवाळा सरता सरता, सकाळी. आत्या त्यानंतर चौथ्या वर्षी उन्हाळ्यात वारली, साधा ताप येऊन.